श्वास, तबकडी आणि आगगाडी : ब्लूज हार्मोनिकाची आरंभीची प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणे

संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याला ध्वनिमुद्रिका हा पुरावा फार सोयीचा वाटतो. तिच्यावर क्रमांक असतो, वादकाचे नाव असते आणि थोड्या शोधाने दिनांकही सापडतो. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला एखादी ओवी वहीत उतरलेली मिळाली की जो दिलासा मिळतो, तसाच हा प्रकार आहे. तो दिलासा फसवा असतो हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. ओवी कोणी लिहून घेतली, कोणाकडून, कशासाठी, आणि लिहून घेणाऱ्याला काय ऐकू आलेच नाही, हे प्रश्न मागोमाग येतातच. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात हार्मोनिका, म्हणजे आपण ज्याला माउथ ऑर्गन म्हणतो ते वाद्य, कसे वाजवले जात होते याचा मागोवा घेताना हेच प्रश्न अधिक तीव्रतेने उभे राहतात. स्टुडिओच्या बाहेर, श्रोत्यांच्या समोर, जे वादन हजारो लोकांनी रोज ऐकले त्याचा फारच थोडा भाग आज कानावर पडतो. जे उरले आहे ते बहुतांशी कोणीतरी परका माणूस यंत्र घेऊन आला म्हणून उरले आहे. या दोन वादनांमधील अंतर किती होते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम वाद्याविषयी थोडे. जर्मनीतील होनर कंपनीने १८९६ साली बाजारात आणलेली दहा छिद्रांची ‘मरीन बँड’ हार्मोनिका ही मूळची युरोपीय लोकगीते आणि कवायतीच्या सुरावटी वाजवण्यासाठी बनवलेली वस्तू. आपल्या पेटीची ती सख्खी बहीण; दोहोंत वाऱ्याने थरथरणारी पितळी रीड असते. पण पेटीवर मींड येत नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले ते १९७१ पर्यंत उघडले नाही, त्यामागे हेही एक कारण होते. हार्मोनिकाच्या प्रत्येक छिद्रात मात्र दोन रीड असतात, एक फुंकरीची आणि एक आत ओढलेल्या श्वासाची. जीभ आणि घसा विशिष्ट प्रकारे आकुंचित करून श्वास आत ओढला तर दोन्ही रीड परस्परांवर परिणाम करतात आणि सूर खाली घसरतो, कललेला राहतो. कारखान्याने न दिलेले सूर अशा रीतीने मिळतात. कृष्णवर्णीय वादकांनी हे हेरले. त्यांनी वाद्याचा षड्जच बदलला. सी पट्टीची हार्मोनिका ते जी पट्टीत वाजवू लागले, म्हणजे मुख्य सूर आत ओढलेल्या श्वासावर येऊ लागले. ब्लूजमधील हार्मोनिका अशा अर्थाने हुंदक्याच्या दिशेने वाजते. वादकाचे तळहात वाद्याभोवती उघडतात-मिटतात, त्याने स्वराचा रंग पालटतो. मध्येच तो तोंडाने ओरडतो, पायाने ठेका धरतो. या सगळ्याचा परिणाम खोली केवढी आहे, समोर कोण आहे, यावर अवलंबून असतो. प्रत्यक्ष प्रयोगाचे ध्वनिमुद्रण या वाद्याच्या बाबतीत इतके मोलाचे का, हे यावरून ध्यानी यावे.

आता पहिला वादक. डीफोर्ड बेली १८९९ मध्ये टेनेसी राज्यात जन्मला. बालपणी पोलिओ झाल्याने त्याची वाढ खुंटली, आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याने हार्मोनिकावर आसपासचे आवाज उतरवण्याचा छंद धरला. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर तो वाजवू लागला. डिसेंबर १९२७ मधील एका शनिवारी या केंद्रावर अभिजात संगीताचा कार्यक्रम संपला आणि लोकसंगीताचा सुरू झाला. बेलीने आगगाडीचे हुबेहूब चित्र उभे करणारी ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ही रचना वाजवली, आणि निवेदक जॉर्ज हे याने ‘ग्रँड ऑपेरा’ या शब्दांवर कोटी करून आपल्या कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव दिले. अमेरिकेतील श्वेतवर्णीय ग्रामीण संगीताचे जे सर्वांत मोठे व्यासपीठ, त्याचे बारसे असे एका कृष्णवर्णीयाच्या वादनावर झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आणि पुढच्या वर्षी नॅशव्हिलमध्ये त्याच्या मोजक्या तबकड्या निघाल्या. त्या स्टुडिओतल्या. शनिवारची ती रात्र मात्र हवेत गेली आणि विरली.

पॅन अमेरिकन हे लुइव्हिल-नॅशव्हिल रेल्वेच्या एका खऱ्या गाडीचे नाव. १९३३ पासून डब्ल्यूएसएमने आपल्या मनोऱ्याजवळून जाणाऱ्या त्या गाडीची शिटीच मायक्रोफोन लावून रोज प्रक्षेपित करायला सुरुवात केली. म्हणजे एकाच केंद्रावरून श्रोत्यांना खरी गाडीही ऐकू येई आणि बेलीच्या श्वासातली गाडीही. अनुकरण आणि वास्तव यांविषयी वर्गात ॲरिस्टॉटल शिकवताना हा दाखला वापरून पाहायला हरकत नाही. बेलीला १९४१ मध्ये काढून टाकण्यात आले. गीतांच्या हक्कांवरून रेडिओ कंपन्या आणि हक्कसंस्था यांच्यात चाललेल्या भांडणात त्याच्या ठरलेल्या रचना वाजवता येईनात, हे त्यातले एक निमित्त. ज्याच्या वादनाने संध्याकाळ उजळत असे, त्या माणसाने पुढची अनेक वर्षे नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवले. तो १९८२ साली वारला. कंट्री म्युझिकच्या मानकरी मंडळींत त्याचे नाव दाखल झाले ते २००५ मध्ये.

बेलीचे श्रोते होते, पण त्या प्रसंगांचा ध्वनी नाही. याउलट सनी टेरीच्या बाबतीत एका रात्रीचा ध्वनी आपल्याकडे आहे, आणि ती रात्र तपशिलात पाहण्याजोगी आहे. २३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंडने ‘फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग’ नावाचा कार्यक्रम भरवला. खर्चाचा भार ‘न्यू मासेस’ या डाव्या साप्ताहिकाने उचलला होता. कृष्णवर्णीय संगीताची वंशावळ श्वेतवर्णीय रसिकांपुढे मांडावी, हा त्यामागचा हेतू. रॉबर्ट जॉन्सनला बोलावायचे होते, तर तो ऑगस्टमध्येच मरण पावलेला. हॅमंडने त्याच्या तबकड्याच रंगमंचावर वाजवल्या. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅमचा गिटारवादक ब्लाइंड बॉय फुलर हवा होता, तर तो तुरुंगात. त्याच्या जोडीने तंबाखूच्या वखारींबाहेर वाजवणारा सनी टेरी अशा रीतीने कार्नेगी हॉलमध्ये पोचला. दोन वेगवेगळ्या अपघातांत त्याचे दोन्ही डोळे गेलेले होते.

टेरीच्या वादनाचे वैशिष्ट्य असे की सूर आणि कंठातून निघणारी उंच किंकाळी यांची तो इतक्या वेगाने अदलाबदल करतो की वाद्य कोठे संपले आणि माणूस कोठे सुरू झाला हे कळत नाही. डरहॅमच्या रस्त्यावर या किंकाळीचे काम सरळ होते : मजुरीचे पैसे हातात पडलेल्या, गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसाला थांबवणे. कार्नेगी हॉलमधील श्रोता आधीच तिकीट काढून बसलेला होता. तेथे तीच किंकाळी ‘आदिम’, ‘अस्सल’ अशा विशेषणांची धनी झाली. वादन बदलले नाही, त्याचा अर्थ बदलला. त्याच कार्यक्रमात बिग बिल ब्रूंझीची ओळख शेतावरून आलेला साधा माणूस अशी करून देण्यात आली. प्रत्यक्षात तो शिकागोत वर्षानुवर्षे तबकड्या काढणारा, शहरात मुरलेला व्यावसायिक कलावंत होता. हॅमंडची कळकळ खोटी नव्हती, असे माझे मत आहे. वंशभेदाविरुद्ध तो हयातभर उभा राहिला. परंतु त्याला जे ऐकायचे होते ते त्याने आधीच ठरवलेले होते, आणि रंगमंच त्या ठरावानुसार सजला.

याहून बोलका आहे तो या ध्वनिमुद्रणाचा पुढचा प्रवास. त्या रात्री तबकड्यांवर उतरवलेले संगीत व्हॅनगार्ड कंपनीने प्रकाशित केले १९५९ मध्ये, एकवीस वर्षांनी. त्यातील हॅमंडची निवेदने मागाहून नव्याने मुद्रित केलेली होती, आणि काही रचना तर स्टुडिओत वाजवलेल्या असून त्यांना टाळ्या जोडण्यात आल्या होत्या. १९९९ च्या विस्तृत आवृत्तीने हे पुष्कळसे उलगडले. म्हणजे ‘प्रत्यक्ष’ म्हणून ज्याकडे आपण पाहतो, ते संपादित संहितेसारखेच असते. त्याला पाठभेद असतात, प्रक्षेप असतात. टेरीचे वादन त्यात अस्सल आहे, यात शंका नाही. फक्त भोवतालचा काळोख, खोकणे, टाळ्या यांची हमी घेता येत नाही. कार्नेगीनंतर त्याच आठवड्यात ॲलन लोमॅक्सने टेरीला काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी मुद्रित केले. त्या तबकड्यांवर कोणीही टाळ्या वाजवत नाही.

लोमॅक्स पितापुत्रांविषयी आपल्याकडच्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी काही ना काही वाचलेले असते. १९३३ मध्ये जॉन लोमॅक्सने जे यंत्र मोटारीच्या मागच्या भागात घालून दक्षिणेत फिरवले, त्याचे वजन ३१५ पौंड होते. तुरुंग, शेतवस्त्या, चर्च असे सगळे त्यात आले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुक्काम ऑगस्ट १९४१ मधला, मिसिसिपीतील लेक कॉर्मोरंट या गावचा. तेथे क्लॅक नावाच्या दुकानात ॲलन लोमॅक्सने सन हाउस, विली ब्राउन, फिडलिन जो मार्टिन आणि लिरॉय विल्यम्स या चौघांना मुद्रित केले. गायन-गिटार हाउसचे, मँडोलिन मार्टिनचे, हार्मोनिका विल्यम्सची. एखाद्या शनिवारी रात्री शेतमजुरांच्या नाचासाठी जसे वाजवले जात असेल, त्याच्या जवळ जाणारे मुद्रण त्या काळातले दुसरे क्वचितच असेल. चौघे एकमेकांवर रेलून वाजवतात; हार्मोनिका पुढे सरसावत नाही, गिटारच्या ठेक्यात शिरते, बाहेर येते, गाणाऱ्याची ओळ संपताच ती उचलते. दुकान रेल्वेलगत होते. त्या सत्रात जवळून जाणारी आगगाडी ऐकू येते. कोणी थांबत नाही.

बेलीने आगगाडी श्वासात उतरवली, डब्ल्यूएसएमने ती मायक्रोफोनने पकडली; येथे ती आगंतुकासारखी आत आली आणि तबकडीवर राहिली. सन हाउसचे पुढे नाव झाले. १९६४ मध्ये तरुण चाहत्यांनी त्याला शोधून काढले, त्याच्या मैफली झाल्या, चरित्रे लिहिली गेली. लिरॉय विल्यम्स मात्र या काही तबकड्यांपुरताच इतिहासात आहे. ‘डेल्टा ब्लूज’ या रचनेत तो हाउसच्या जोडीने एकटा वाजवतो आणि त्याचे वादन ऐकल्यावर या माणसाची इतर काही तबकडी असावी अशी हुरहूर लागते. मिसिसिपीच्या गावागावांत असे वादक असणार, ज्यांच्या दुकानाशी लोमॅक्सची गाडी थांबली नाही.

याच मोहिमेत आणखी एक नाव पुसले गेले. हा अभ्यास काँग्रेसचे ग्रंथालय आणि नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ यांचा संयुक्त होता, आणि त्याची मूळ कल्पना फिस्कमधील कृष्णवर्णीय संगीतज्ज्ञ जॉन वर्क याच्या प्रस्तावातून निघाली होती. १९४० मध्ये नॅचेझ येथील एका नृत्यगृहाला आग लागून दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनेवर कोणती गाणी रचली जातील याचा शोध घ्यावा, असे त्याने सुचवले होते. लोमॅक्सचे या प्रदेशावरील प्रसिद्ध पुस्तक १९९३ मध्ये आले, त्यात वर्कला नाममात्र जागा आहे. वर्क आणि त्याचे सहकारी यांची हस्तलिखिते ‘लॉस्ट डेल्टा फाउंड’ या नावाने २००५ मध्ये ग्रंथरूप झाली, तोवर वर्कला जाऊन जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती. संकलकाचे नाव मुखपृष्ठावर आणि सांगणारीचे तळटीपेत, ही रीत आपल्या लोकसाहित्याच्या संग्रहांतही अनोळखी नाही.

लोमॅक्स क्लॅकच्या दुकानात होता त्याच वर्षी, मिसिसिपी नदीच्या पलीकडे, आर्कान्सामधील हेलिना गावी केएफएफए हे केंद्र सुरू झाले. २१ नोव्हेंबर १९४१ पासून दुपारी ‘किंग बिस्किट टाइम’ हा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होऊ लागला. पिठाच्या जाहिरातीसाठी. राइस मिलर नावाचा हार्मोनिकावादक आणि गिटारवर रॉबर्ट लॉकवुड थेट वाजवत. वेळ होती सव्वाबारा : मळ्यावरचे मजूर भाकरीला बसण्याची. मिलरने तोवर गाजलेल्या जॉन ली ‘सनी बॉय’ विल्यमसन या शिकागोच्या हार्मोनिकावादकाचे नाव बिनदिक्कत उचलले होते. पीठविक्रेत्याला ते सोयीचे वाटले. पुढे ‘सनी बॉय’ छापाचे मक्याचे पीठही निघाले आणि पिशवीवर मिलरचे चित्र आले. या मिलरची पहिली तबकडी मुद्रित झाली १९५१ मध्ये, म्हणजे डेल्टाभर घराघरांत ऐकला जाणारा हा वादक दशकभर तबकडीविना राहिला. १९४२ ची त्या वाद्यवृंदाची एक छोटी चित्रफीत आहे. ती मूक आहे. मिलर हार्मोनिका तोंडाला लावतो, हात हलतात, गाल आत जातात, ऐकू काहीच येत नाही.

ज्याचे नाव त्याने घेतले तो जॉन ली विल्यमसन १९३७ पासून स्टुडिओत सतत मुद्रित होत होता. त्याचे सर्वांत प्रत्यक्ष म्हणावे असे मुद्रण मात्र बरेचसे बोलण्याचे आहे. मार्च १९४७ मध्ये लोमॅक्सने त्याला, बिग बिल ब्रूंझीला आणि मेम्फिस स्लिमला न्यूयॉर्कमधील डेकाच्या स्टुडिओत बसवले आणि ब्लूज कोठून येतो, हे विचारले. तिघे बोलू लागले. मध्ये मध्ये वाजवू लागले. नदीचे बांध घालणाऱ्या छावण्या, मुकादमांची मारहाण, खेचर मेले तर विकत घ्यावे लागते आणि मजूर मेला तर दुसरा फुकट मिळतो हा हिशेब, हे सारे त्यात येते, हसत हसत. मुद्रण परत ऐकवले तेव्हा ते घाबरले. नावे कळली तर दक्षिणेत राहणाऱ्या आपल्या नातलगांचे काय होईल, ही भीती होती. ‘ब्लूज इन द मिसिसिपी नाइट’ ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत १९५९ मध्ये निघाली ती टोपणनावांनी. विल्यमसन त्याआधीच, १ जून १९४८ रोजी, शिकागोच्या रस्त्यावर झालेल्या हल्ल्यात मारला गेला होता, वय चौतीस. खरी नावे १९९० च्या आवृत्तीत छापली गेली, तेव्हा तिघांपैकी एकही हयात नव्हता. ज्या वादकाचे नाव दुसऱ्याने रेडिओवर राजरोस वापरले, त्याला स्वतःच्या बोलण्याखाली ते घालता आले नाही.

शिकागोतील क्लबांविषयी थोडक्यातच सांगता येते. लिटल वॉल्टरने मायक्रोफोन हार्मोनिकासह ओंजळीत धरून ॲम्प्लिफायरमधून वाजवायला सुरुवात केली आणि वाद्याचा आवाका पालटला. १२ मे १९५२ रोजी मुद्रित झालेली ‘ज्यूक’ ही रचना मडी वॉटर्सच्या वाद्यवृंदाची क्लबमधली नेहमीची धून होती. ती तबकडीवर आली आणि आर अँड बी यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. क्लबमध्ये ती धून किती लांबत असेल, याची कल्पनाच करायची. वॉल्टरची जी प्रत्यक्ष मुद्रणे आज प्रचारात आहेत ती १९६७ च्या सुमाराची, मृत्यूच्या आदल्या वर्षीची, दमलेली. लोकसंगीताच्या संग्राहकांना विजेवर वाजणारी हार्मोनिका ‘लोक’ वाटत नव्हती, आणि तबकडी कंपन्यांना क्लबमधल्या गोंगाटात पैसा दिसत नव्हता. या दोहोंच्या मध्ये एक सबंध दशक निसटले.

ते थोडेसे हाती लागते ३ जुलै १९६० रोजी, न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात. आदल्या रात्री प्रवेश न मिळालेल्या तरुणांनी दंगल केली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि नगरपालिकेने महोत्सव बंद करण्याचे ठरवले. रविवार दुपारचे ब्लूज सत्र तेवढे होऊ दिले. महोत्सवाच्या मंडळावर असलेला कवी लँगस्टन ह्यूज याने ही बातमी कळताच तारेच्या कागदावर निरोपाचे एक ब्लूजगीत लिहिले आणि पियानोवादक ओटिस स्पॅनने ते सत्राच्या शेवटी गायले. त्याआधी मडी वॉटर्सच्या वाद्यवृंदाने जे वाजवले ते चेस कंपनीने त्याच वर्षी प्रकाशित केले. हार्मोनिकावर होता जेम्स कॉटन, दोनच दिवसांपूर्वी पंचविशी पूर्ण केलेला. ‘गॉट माय मोजो वर्किंग’ला श्रोत्यांनी पुन्हा मागणी घातली आणि ते दुसऱ्यांदा वाजवले गेले. दुसऱ्या खेपेला कॉटनचे वाक्यांश आखूड होतात, श्वास कापला जातो, आणि तरीही लय ढळत नाही. ही दोन वादने लागोपाठ ऐकावीत, एवढेच मी सुचवीन.

कॉटन हा मिसिसिपीतील ट्युनिका गावचा. केएफएफएवर सव्वाबाराला लागणारी मिलरची हार्मोनिका ऐकून तो बालपणी वाजवायला शिकला. पुढे मुलगाच असताना मिलरकडे राहायला गेला आणि त्याच्या मागे मागे हिंडत त्याने ती विद्या उचलली. घराण्याचे संगीत तबकडीआधी शागिर्दाच्या गळ्यात साठवले जाते, हे आपल्याला ठाऊकच आहे. न्यूपोर्टला आत ओढलेल्या सुरावर तो जो थरथरता थांबा घेतो, तो मिलरच्या नंतरच्या तबकड्यांवर ओळखू येतो. १९४२ च्या मूक चित्रफितीतला आवाज कोठे शोधायचा, तर मला वाटते येथे.

मिलर स्वतः १९६३ मध्ये युरोपात गेला, लंडनजवळच्या क्लबात यार्डबर्ड्स या पोरसवदा मंडळींबरोबर वाजवला, दोन रंगांचा सूट शिवून घेतला आणि १९६५ मध्ये हेलिनाला परतला. पुन्हा ‘किंग बिस्किट टाइम’वर तो रोज दुपारी वाजवू लागला. त्या मे महिन्यात आर्हूली कंपनीचा ख्रिस स्ट्राखविट्झ टेपरेकॉर्डर घेऊन केएफएफएच्या स्टुडिओत बसला आणि त्याने एक कार्यक्रम मुद्रित केला : जाहिरात, निवेदन, हार्मोनिका, पुन्हा जाहिरात. कार्यक्रम सुरू होऊन तेवीस वर्षे झाली होती. २५ मे रोजी सव्वाबारा वाजत आले तरी मिलर आला नाही. ड्रमवादक पेक कर्टिस त्याला बघायला त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेला. तो अंथरुणातच गेलेला होता.